जंगल कोणत्या महिन्यात मोजायचे?

चिंचपाड्याच्या भोवतालचे जंगल सावरते आहे की संपत चालले आहे, याचे उत्तर तुम्ही कोणत्या महिन्यात विचारता त्यावर ठरते. ऑगस्टमध्ये विचारले तर नवापूर तालुक्यातला हा सगळा डोंगराळ पट्टा हिरवागार असतो. सागाची पाने हातभर झालेली असतात, खाली गवत आणि टाकळा गुडघ्याच्या वर आलेला असतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याच सागाच्या पानांची जाळी झालेली दिसते. पावसाळा सरता सरता एक अळी पानातला हिरवा गर खाऊन नुसत्या शिरा शिल्लक ठेवते, आणि लांबून पाहणाऱ्याला अख्खा डोंगर करपल्यासारखा वाटतो. मार्चमध्ये पळस फुललेला असतो आणि बाकी बहुतेक झाडे उघडीबोडकी असतात. एप्रिल सरताना कित्येक ठिकाणी पायाखाली राख असते. ही चारही उत्तरे खरी आहेत आणि एकटे एकही उत्तर पुरेसे नाही. असे असूनही आपल्याकडे वनपुनरुज्जीवनाचा हिशेब वर्षातल्या दोन-तीन सोयीच्या महिन्यांतच मांडला जातो. पानगळीच्या जंगलाचा अभ्यास बाराही महिने झाला पाहिजे, त्यातही सर्वांत जास्त लक्ष फेब्रुवारी ते जून या गैरसोयीच्या महिन्यांकडे दिले पाहिजे, आणि हे काम तिथे राहणाऱ्या माणसांच्या हातून, त्यांना मोबदला देऊन झाले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. तसे झाले नाही तर आपण जंगलाच्या नावाखाली पावसाळाच मोजत राहू.

आधी जागेविषयी. चिंचपाडा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्थानक. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार शंभरातली एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची आहेत; नवापूर भागात प्रामुख्याने मावची, भिल्ल आणि कोकणी. सातपुडा तापीच्या उत्तरेला राहतो. नवापूरचे डोंगर हे सह्याद्रीचे उत्तरेकडचे शेवटचे फाटे आहेत आणि ते थेट डांगच्या जंगलाशी जोडलेले आहेत. पूर्वेच्या शहादा-नंदुरबारपेक्षा इथे पाऊस चांगला पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने जंगलाला साठवणीवर काढावे लागतात. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली केलेल्या भारतीय वनप्रकारांच्या वर्गवारीत हा पट्टा सागाच्या पानगळी जंगलात मोडतो. साग, सादडा, धावडा, खैर, टेंभुर्णी, मोह, बेहडा, कळंब, हेदू आणि मानवेल बांबू ही इथली माणसाळलेली नावे. कोरड्या, खडकाळ उतारांवर खानदेशाचा खास अंजन. या लाकडाची कीर्ती जुनी आहे. इंग्रजांनी १८४२ मध्ये शेजारच्या डांगची जंगले भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली ती सागासाठीच. पुढे १८७८चा वनकायदा आला, जंगले राखीव झाली, विसाव्या शतकाच्या तोंडावर तापी खोऱ्यातून रेल्वे आली आणि लाकूड बाहेर जाण्याची वाट रुंद झाली. म्हणून आज ज्याला आपण ‘अवनत’ जंगल म्हणतो ते निसर्गतः विरळ नव्हते. दीडशे वर्षांच्या तोडीने, नंतर शेतीसाठीच्या जमिनीच्या भुकेने आणि रोजच्या सरपणाने ते तसे झाले आहे. पण त्यातले बरेचसे जमिनीखाली अजून जिवंत आहे, आणि पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

आता मोजणी कशी होते ते पाहू. राज्याने २०१६ साली १ जुलैच्या एका दिवशी २ कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला. २०१७च्या जुलैत ४ कोटी, २०१८च्या जुलैत १३ कोटी आणि २०१९च्या पावसाळ्यात ३३ कोटी अशी ती मोहीम वाढत गेली. लोकांचा उत्साह खोटा नव्हता आणि अनेक वनमजुरांनी त्यात घाम गाळला. पण मोहिमेचे एकक ‘लावलेले रोप’ हे होते, आणि रोप लावले जाते त्या दिवशी ते जिवंतच असते. दुसरी मोजणी उपग्रहाची. १९८१ साली स्थापन झालेली भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था दर दोन वर्षांनी देशाचे वनाच्छादन जाहीर करते आणि त्यासाठी मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या प्रतिमा वापरते. त्याला चांगले कारण आहे: तेव्हा ढग नसतात आणि पानगळी झाडांवर पाने असतात. शिवाय एक हेक्टरहून मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून अधिक छत्र असले की ती जमीन वनाच्छादनात धरली जाते, मग तिथे मिश्र जंगल असो, एकसुरी रोपवन असो वा आमराई. तिसरी मोजणी महाविद्यालयांची. वनस्पतिशास्त्राच्या सहली पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात निघतात, कारण तेव्हा झाडे ओळखता येतात आणि हवा बरी असते. एप्रिल-मे परीक्षा आणि सुटी. चौथी मोजणी पैशाची. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणजे वणव्याच्या हंगामाच्या ऐन मध्यावर खर्चाचे हिशेब बंद झालेले असतात. यातल्या प्रत्येक वेळापत्रकामागे आपापले शहाणपण आहे. मात्र चारही एकत्र ठेवली की मार्च ते जून ही फट सगळ्यांत सारखीच उघडी राहते.

या फटीत काय घडते हे समजण्यासाठी सागाचे एक रोप जवळून पाहावे लागेल. पहिल्या पावसात बी रुजते, दोन-चार पाने येतात, हिवाळ्यानंतर ती गळतात आणि उन्हाळ्यात वरचे खोड बहुतेकदा सुकून जाते, नाहीतर जळते. वरवर पाहणारा त्याची नोंद ‘मेले’ अशी करील आणि त्याला दोष देता येणार नाही. पण तिथली माती चार बोटे उकरली तर गाजरासारखे फुगलेले मूळ सापडते, आणि मूळ व खोड जिथे मिळतात त्या जाड गाठीवर मागच्या वर्षांच्या मेलेल्या कोंभांचे काळसर व्रण दिसतात. जूनच्या पहिल्या सरींनंतर त्याच गाठीतून नवा कोंब येतो, गेल्या वर्षीपेक्षा थोडा जाड. असे कित्येक वर्षे चालते. दरवर्षी वरचे मरते, खालचे वाढते; आणि मुळात पुरेसा साठा झाला की एखाद्या चांगल्या वर्षी, आग चुकली तर, कोंब एका हंगामात डोक्याच्या वर निघून जातो आणि मग तो टिकतो. सालवृक्षाच्या बाबतीत ही वरून मरत खालून वाढण्याची रीत आपल्या वनशास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वीच नोंदवली. ट्रूप यांचा भारतीय वृक्षांच्या संवर्धनावरचा तीन खंडांचा ग्रंथ १९२१ साली निघाला, तेव्हापासून ही माहिती वनखात्याच्या कपाटात आहे. तोडलेल्या झाडांच्या बुडख्यांचेही तसेच. धावडा, टेंभुर्णी, साग यांच्या बुडख्यांतून फुटवे येतात, शेळ्या ते खुडतात, पुन्हा येतात. वर्षानुवर्षे खुडल्या गेलेल्या अशा झुडपाचे वय त्याच्या उंचीवरून मुळीच कळत नाही. मे महिन्यात जी टेकडी बोडकी म्हणून रोपवनासाठी निवडली जाते, तिच्यात जमिनीखाली असे जंगल आधीच असू शकते. तिथे यंत्राने खड्डे आणि चर खणताना आपण तयार मुळे तोडतो आणि त्यांच्या जागी पिशवीतले एक वर्षाचे रोप लावतो. पुनरुज्जीवनाच्या नावाने होणाऱ्या नुकसानीत मला हे सर्वांत मोठे वाटते, आणि सर्वांत सहज टाळता येण्यासारखेही.

ही काही केवळ आपल्या सागाची तऱ्हा नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या लांबसुई पाइनची गोष्ट या बाबतीत फार उपयोगी आहे. एकेकाळी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलेले ते जंगल विसाव्या शतकाच्या अखेरीस जेमतेम ३० लाख एकरांवर आले. त्याचे रोप कित्येक वर्षे गवताच्या झुपक्यासारखे जमिनीलगत बसून राहते, मुळे खाली नेते आणि मग एकदम उंची घेते. लोकांनी ते वाढतच नाही असे समजून त्याच्या जागी भराभर वाढणारे दुसरे पाइन लावले, आणि आग ही शत्रूच असे धरून दशकानुदशके प्रत्येक आग विझवली. परिणाम असा झाला की झुडपे माजली, गवत दबले आणि त्या पाइनचे नवे रोपच उगवेना. फ्लोरिडात १९५८ साली स्थापन झालेल्या टॉल टिंबर्स संशोधन केंद्राने आणि इतरांनी पुढे वर्षानुवर्षे वेगवेगळ्या महिन्यांत आग लावून नोंदी ठेवल्या. त्यातून कळलेली एक गोष्ट विलक्षण आहे. त्या जंगलातले मुख्य तारगवत हिवाळ्यात जाळले तर पुन्हा हिरवे होते, पण भरघोस फुलते आणि बी धरते ते उन्हाळ्याच्या वाढीच्या हंगामात जाळले तरच. म्हणजे आग लागली की नाही, याइतकाच ती कोणत्या महिन्यात लागली हाही प्रश्न होता. जे संशोधक फक्त हिवाळ्यात जात होते त्यांना हे कधीच दिसले नसते. २००९ पासून तिथे हे जंगल ८० लाख एकरांवर नेण्याचा सामूहिक उपक्रम चालू आहे आणि क्षेत्र ५० लाखांच्या वर गेले आहे. झाडे लावणे हा त्यातला एक भाग, आणि योग्य महिन्यात, योग्य अंतराने जाळणे हा दुसरा.

तिथला धडा उचलून इथे आग लावा, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या जंगलात आगी कमी पडतात अशी तक्रार कोणालाच करता येणार नाही. त्या फार वेळा आणि फार उशिरा लागतात. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरते आणि त्याआधी जाळरेषा साफ करून घेते. पण आगीमागचे हात आणि हेतू समजून घ्यायला हवेत. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पडतात. पाचोळ्यात ती वेचणे कष्टाचे, म्हणून झाडाखालचा पाला आधी जाळून जागा लख्ख केली जाते. वारा असला की ती आग झाडाखाली थांबत नाही. तेंदूपत्त्याला कोवळी पालवी यावी म्हणून, गुरांना नवे गवत मिळावे म्हणून, कधी नवी जमीन मोकळी करण्यासाठीही आग लावली जाते. यातल्या पहिल्या कारणावर उपाय अगदी साधा आहे: पाला झाडून गोळा करायचा, किंवा झाडाखाली जाळी अथवा जुन्या साड्या अंथरायच्या. तो पुष्कळ ठिकाणी करून पाहिलेला आहे. पण कोणत्या शिवारात कोणत्या कारणाने कोणत्या आठवड्यात आग लागते याची नोंद नसेल तर उपाय सर्वत्र सरसकट सांगितला जातो आणि कुठेच लागू पडत नाही. दरवर्षीची आग जंगलाचा पोतही बदलते. जाड सालीचा, मुळातून फुटणारा साग आणि पळस टिकतात. अंजनाची कोवळी रोपे टिकत नाहीत. शेताच्या बांधावरची मोहाची झाडे जुनी आहेत आणि त्यांच्याखाली नवे रोप क्वचित दिसते: फुले वेचली जातात, तेलासाठी बी वेचले जाते, उरलेसुरले गुरांच्या तोंडी जाते. मोहाच्या बीची रुजण्याची ताकदही थोडे दिवसच टिकते, म्हणून ते जूनमध्येच गोळा करून लगेच पेरावे लागते. हिवाळ्यात येऊन बी मागणाऱ्या रोपवाटिकेला ते मिळणार कुठून?

इथे एक अडचण येते आणि ती टाळून चालणार नाही. बाराही महिने तिथे राहणारी माणसे असे मी वर लिहिले, पण या भागातली हजारो माणसे बारा महिने घरी राहूच शकत नाहीत. दिवाळीनंतर दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात तोडणीला जाणारी कुटुंबे हा नंदुरबार-धुळ्याचा जुना आणि दुखरा इतिहास आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमान यांनी १९७८ साली बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यांवर लिहिले ते खानदेशातून गेलेल्या याच तोडणी कामगारांविषयी. टोळीतल्या एककाला ‘कोयता’ म्हणतात, त्यात नवरा-बायको आणि पुष्कळदा मूलही धरलेले असते. हंगाम चालतो एप्रिल-मेपर्यंत. मधे होळीला माणसे गावी येतात, काही राहतात, काही परत जातात. म्हणजे ज्या महिन्यांत जाळरेषेवर, पाणवठ्यावर, कोवळ्या फुटव्यांवर लक्ष हवे, त्याच महिन्यांत गावातले धडधाकट हात उसाच्या फडात असतात आणि मागे म्हातारीकोतारी उरतात. जंगल राखण्यात गावकरी कमी पडतात असे म्हणणाऱ्यांनी हे वेळापत्रक एकदा समोर ठेवून पाहावे. यावर उत्तर मजुरीचे आहे आणि महाराष्ट्राला ते नवे नाही. रोजगार हमीचा कायदा या राज्याने १९७७ मध्येच केला. पुनरुज्जीवनाची मजुरी जूनच्या खड्ड्यांवर आणि जुलैच्या लागवडीवर संपवण्याऐवजी ती नोव्हेंबर ते मे या काळात पसरली, जाळरेषा, फुटव्यांची विरळणी, राखण, बीसंकलन आणि मोजणी यांवर दिली गेली, तर एकाच पैशात दोन स्थलांतरे थांबतात: माणसांचे आणि मातीचे.

बारमाही क्षेत्रकाम म्हणजे फार अवजड प्रकार नाही. एखाद्या गावाच्या जंगलात उतार, सपाटी, नाल्याकाठ, जळणारा भाग, न जळणारा भाग असे पाहून वीस मीटर बाय वीस मीटरचे काही कायम चौकोन आखायचे, त्यांचे कोपरे दगडांनी पक्के करायचे आणि आतल्या प्रत्येक फुटव्याला, रोपाला ॲल्युमिनियमचा क्रमांक बांधायचा. पहिल्या पावसानंतर तीन आठवड्यांनी जावे, कारण कोणती ‘मेलेली’ रोपे उठली हे तेव्हाच कळते. सप्टेंबरात गवते आणि वेली पाहाव्यात. गवताचे तुरे आल्याशिवाय त्याची जात नक्की सांगणे कठीण. घाणेरी किती पुढे सरकली हेही तेव्हाच दिसते. हिवाळ्यात छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, खोडांचा घेर घ्यावा, तोडीच्या ताज्या खुणा मोजाव्यात. आणि मार्च ते मे दर पंधरवड्याला निदान एक फेरी व्हावी: काय फुलले, काय फळले, कुठे जळले, आग कुठल्या बाजूने आली, चौकोनातला कुठला क्रमांक वरून गेला. या शेवटच्या कामाला सावली नसते, पाणी वाहून न्यावे लागते आणि त्यातून शोधनिबंध लवकर निघत नाही, म्हणूनच ते होत नाही. पण असे तीन उन्हाळे नोंदले गेले की रोपवन लावावे की नुसते राखावे, याचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागत नाही.

नुसते राखल्याने जंगल येते का, या शंकेला उत्तर द्यायला फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखले आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, दंडाचे गावाने ठरवलेले नियम आणि राखण एवढ्यावर मुळातले जंगल वर आले. झरे आणि विहिरी सुधारल्या. या कामाचे नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. बारीपाड्याची वनभाजी स्पर्धा गाजते ती खाण्यासाठी, पण अभ्यासकाच्या नजरेने तिचे मोल वेगळे आहे. कोणती भाजी पावसाच्या कोणत्या टप्प्यात, कोणत्या सावलीत उगवते हे बायकांना ठाऊक असते आणि दरवर्षी ते गावासमोर मांडले जाते. जंगलाच्या तळच्या थराची अशी सलग नोंद राज्यात क्वचितच कुठे असेल. उलट बाजूचा पुरावा हिमाचल प्रदेशातल्या कांगडा जिल्ह्याचा आहे. तिथल्या अनेक दशकांच्या सरकारी रोपवनांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात दिसले की लागवडीने वृक्षछत्रात म्हणावी अशी भर पडली नाही, आणि गावकऱ्यांना जळण-चाऱ्यासाठी उपयोगी अशा रुंदपानी झाडांचे प्रमाण मात्र घटले. बारीपाडा म्हणजे एक गाव, एक नेतृत्व, त्यावरून सगळ्या तालुक्याचा निष्कर्ष काढता येत नाही, हा आक्षेप मी मान्य करतो. म्हणूनच नोंदी हव्यात. बारीपाड्याचे यश कथेच्या रूपाने सर्वत्र पोचले आहे. चौकोनांतल्या आकड्यांच्या रूपाने ते चिंचपाड्याच्या माणसाला हाती मिळाले तर त्याला आपल्या उताराशी त्याची तुलना करता येईल.

राहिलेले आक्षेप तीन आहेत. पहिला असा की उपग्रह आता आगीची सूचना काही तासांत देतात, मग माणूस कशाला? सूचना मिळतात आणि त्या फार उपयोगी आहेत. पण उपग्रहाला पाचोळ्याखालून सरकणारी लहान आग अनेकदा दिसत नाही, आगीचे कारण तर कधीच दिसत नाही, आणि राखेखालची गाठ जिवंत आहे की मेली हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. दुसरा आक्षेप अचूकतेचा: अप्रशिक्षित माणसांनी घेतलेली मापे कितपत धरायची? मोजपट्टी धरायला शिकवता येते, आणि दहातला एक चौकोन दुसऱ्या जोडीने पुन्हा मोजला की चूक किती होते हेही कळते. झाड ओळखण्यात तर उलट स्थिती आहे. पाने नसताना, नुसत्या सालीवरून धावडा की कळंब हे सांगणारा मावची गुराखी पदवीधराला मागे टाकतो. तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. आपण नेमके कोणते जंगल परत आणतो आहोत? जयश्री रत्नम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ पासून आग्रहाने मांडले आहे की भारतातली ज्यांना आपण पानगळी जंगले म्हणतो त्यांतली बरीच गवत आणि झाडे यांची मिश्र माळराने आहेत, आणि तिथे झाडांची गर्दी करणे ही सुधारणा नव्हे. दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर यांनी तर जुन्या मराठी वाङ्मयातल्या वनस्पतींच्या उल्लेखांवरून पश्चिम महाराष्ट्रातली माळराने शेकडो वर्षांची जुनी असल्याचे दाखवले. नवापूरच्या पावसात सगळा भाग माळरान असेल असे मला वाटत नाही, पण कोरडे दक्षिण उतार, जिथे अंजन आणि सालई विरळ उभे राहतात आणि मधे कुसळी गवत असते, ते कदाचित पूर्वीही तसेच असतील. तिथे दाट साग आणण्याचा हट्ट चूक ठरेल. मात्र हा वाद सोडवणारा पुरावाही उतारागणिक, हंगामागणिक गोळा केलेल्या गवतांच्या आणि आगीच्या नोंदींतच आहे. ज्याला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो त्याने बारमाही क्षेत्रकामाची मागणी माझ्याहून मोठ्या आवाजात केली पाहिजे.

आणि हक्काचा मुद्दा. कुमाऊँमध्ये १९२१ साली पाइनची जंगले पेटली ती वनखात्याच्या निर्बंधांविरुद्धच्या रागातून. ज्या जंगलावर आपला अधिकार नाही ते जळताना विझवायला कोण धावेल? त्यानंतर १९३१ मध्ये तिथे वनपंचायतींचे नियम झाले. आपल्याकडे ही दुरुस्ती व्हायला २००६चा वनहक्क कायदा यावा लागला. त्यातल्या सामूहिक वनहक्काने ग्रामसभेला जंगल राखण्याचा, पुनरुज्जीवित करण्याचा आणि व्यवस्थापनाचा अधिकार दिला, आणि गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये तो देशात सर्वांत आधी मिळवून दाखवला. अधिकार मिळालेल्या ग्रामसभेला व्यवस्थापनाचा आराखडा करावा लागतो. हे आराखडे पाहिले की खंत वाटते. कित्येकांत झाडांच्या याद्या असतात, लागवडीची उद्दिष्टे असतात, पण कोणत्या महिन्यात कोण काय पाहील याचा तक्ता नसतो.

तेव्हा मागणी अगदी नेमकी आहे. नवापूर तालुक्यातल्या ज्या ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहे त्यांनी होळीला सगळी माणसे गावात असतानाच बैठक घ्यावी, पुढच्या उन्हाळ्याच्या फेऱ्या वाटून द्याव्यात आणि त्या फेऱ्यांची मजुरी आराखड्यात लिहावी. वनखात्याने कोणत्याही टेकडीवर खड्डे खणण्याआधी निदान एक जून तिथली माती न दुखवता थांबावे आणि काय फुटते ते मोजून मगच रोपवनाचा निर्णय घ्यावा. नवापूर-नंदुरबारच्या महाविद्यालयांनी आणि जळगावच्या विद्यापीठाने वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एप्रिल-मेच्या क्षेत्रकामाचे गुण द्यावेत; सुटीत आपल्याच पाड्यावर परतणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्याहून या कामाला योग्य कोणी नाही. येत्या फेब्रुवारीच्या पंधरा तारखेला वणव्याचा हंगाम सुरू होईल. त्याआधी चौकोन आखायला थंडीचे दोन महिने पुरतात.